जुनाट धापेची कारणमीमांसा

वर्धा जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात. रुई जिनिंगमध्ये जाते, सरकीचे तेल निघते, पेंड गुरांपुढे पडते, आणि झाडाचा उरलेला सांगाडा पुढे वर्षभर चुलीत जळतो. काडीदेखील फुकट जात नाही. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाई. त्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्या उभ्या राहिल्या, आणि जिल्ह्याचा बहुतेक व्यवहार या एका झाडाभोवती फिरू लागला. परंतु या झाडाचा माणसाच्या छातीशीही दोन ठिकाणी संबंध येतो, आणि तो हिशेब फारसा कोणी मांडीत नाही. जिनिंगमध्ये रुईची बारीक धूळ मजुरांच्या श्वासात जाते. घरी पऱ्हाटीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात जातो. त्यातून घरच्या कर्त्या पुरुषाला बिडीचा नाद असला, म्हणजे एका छपराखाली तीन तऱ्हांचा त्रास नांदू लागतो.

अशा घरात पन्नाशीच्या सुमारास कोणाला तरी खोकला जडतो. आरंभी केवळ सकाळी थोडा कफ पडतो, त्याकडे लक्ष कोण देणार? पुढे पाण्याची घागर आणताना मध्येच थांबावे लागते. मग एखाद्या हिवाळ्यात सर्दी छातीत उतरते आणि महिनाभर हटत नाही. गावात या साऱ्यास एकच नाव आहे, दमा. आणि बाई वयस्क असली तर तेवढेही नाव न देता "आता वय झाले" एवढ्यावर विषय संपतो. पण तिच्याच वयाची, तशाच चुलीपुढे तितकीच वर्षे काढलेली शेजारीण सत्तरीतही डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन शेतातून चालत येते. एकाच धुराने एकीचा दम जावा आणि दुसरीचा जाऊ नये, हे कसे? गेल्या पाऊणशे वर्षांत श्वासरोगाच्या संशोधकांनी ज्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला, तो हाच होय.

प्रथम रोगाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. घशातून खाली उतरणारी श्वासनलिका झाडाप्रमाणे फांद्या फुटत फुटत सुमारे तेवीस वेळा विभागते, आणि शेवटी कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांत तिचा शेवट होतो. त्यांची संख्या तीस कोटींहून अधिक मानतात. या कोशांच्या भिंती ताणलेल्या रबरासारख्या असतात. श्वास आत घेताना त्या ताणल्या जातात, आणि सोडताना त्यांच्याच ओढीने हवा बाहेर पडते. धूर व धूळ वर्षानुवर्षे आत जात राहिली, तर दोन प्रकारची हानी संभवते. बारीक नळ्यांच्या भिंती सुजून जाड होतात व कफाने भरतात. किंवा वायुकोशांच्या भिंतीच विरून लहान लहान कोशांचे मोठे ढिले पोकळ फुगे बनतात. दोन्हींचा परिणाम एकच. आत गेलेली हवा वेळेवर बाहेर पडत नाही. जुनी हवा आत कोंडून राहिल्यावर नवीस जागा कोठून मिळणार? रोगी म्हणतो श्वास आत जात नाही. वस्तुतः तो बाहेर येत नसतो. डॉक्टर मंडळी यास 'सीओपीडी' अशा आद्याक्षरांनी ओळखतात. येथे जुनाट धाप म्हणू. दमा याहून निराळा. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधाने बहुधा पुष्कळशा मोकळ्या होतात. जुनाट धापेत अडथळा कायमचा राहतो. अर्थात एकाच छातीत दोन्ही असल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

हा अडथळा ओळखावयाचे साधन जुने आहे. इंग्लंडमधील जॉन हचिन्सन या वैद्याने १८४६ साली श्वास मोजण्याच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. दोन हजारांहून अधिक माणसांना त्याने त्यात फुंकावयास लावले होते. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे आजचा स्पायरोमीटर. नाक चिमट्याने बंद करून, छाती पूर्ण भरून घेऊन, सारी हवा जोराने व शेवटपर्यंत बाहेर फुंकावयाची. निरोगी तरुण माणूस यापैकी बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. नळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा एकूण हवेच्या शेकडा ७० हून कमी भरला, तर जुनाट अडथळा आहे असे धरतात. छातीला नळी लावून हा रोग आरंभी कळत नाही, आणि क्ष-किरणांच्या चित्रातही तो पुष्कळदा दिसत नाही. असे असता हे फुंकण्याचे यंत्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सापडेलच अशी खात्री नाही. रक्तदाब मोजण्याची जशी सवय लागली, तशी श्वास मोजण्याची लागली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

रोगाच्या कारणांचा शोध आरंभी इंग्लंडात व तोही पुरुषांत झाला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले आणि पहिल्या मोजणीप्रमाणे सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक मेली. त्यानंतर तेथील सरकारास जाग आली. पुढे चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांची १९६१ पासून आठ वर्षे सतत श्वासमापने घेतली. त्यांचा निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाला व तो अजून पाठ्यपुस्तकांत शिकविला जातो. पंचविशीनंतर प्रत्येकाचा श्वास दरवर्षी थोडा थोडा घटतो. धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींचा तो फार वेगाने घटतो. सिगारेट सोडली की गेलेला श्वास परत येत नाही, पण घसरणीचा वेग निरोगी माणसाच्या बरोबरीला येतो. यात 'काहींचा' हा शब्द महत्त्वाचा. त्याच संख्येने सिगारेटी ओढणाऱ्या कित्येकांस काहीच झाले नव्हते. परंतु लोकांनी आणि पुष्कळ डॉक्टरांनीही यातून एकच धडा घेतला, की धाप म्हणजे सिगारेट.

हिंदुस्थानात मात्र हा धडा लागू पडत नाही, अशी सूचना त्यापूर्वीच मिळाली होती. दिल्लीत डॉ. पद्मावती व पाठक यांनी फुप्फुसाच्या विकाराने हृदयाची उजवी बाजू थकलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. विलायतेत हा विकार बहुतांशी पुरुषांचा. दिल्लीच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यांना तो पुरुषांपेक्षा लवकर जडला होता. धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया त्यांत थोड्याच. मग दोष कोणाचा? संशय चुलीकडे गेला. १९८३ साली कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूळ पकडणारी छोटी यंत्रे बांधली, आणि चुलीपुढे त्यांच्या नाकात काय जाते ते प्रथमच मोजले. कारखान्यांच्या शहरातील हवेसही लाजविणारे आकडे निघाले. पुढे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली, धूम्रपान न करणाऱ्यांची जुनाट धाप या विषयावर लेख लिहून जगभरच्या वैद्यांचे लक्ष इकडे वेधले. (डास पळविण्यासाठी लावलेली एक उदबत्ती जितकी सूक्ष्म धूळ सोडते, तितकी शंभराच्या आसपास सिगारेटी सोडतात, हे शहरवासीयांनी विसरू नये. घरात चूल नाही म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही.) २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजाप्रमाणे २०१६ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, रोगाच्या एकूण भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा घरच्या व बाहेरच्या दूषित हवेचा, आणि तंबाखूचा सुमारे पाव हिस्सा.

धुराचे प्रकारही सारखे नाहीत. मेक्सिकोतील संशोधकांनी लाकडाच्या धुराने आजारी पडलेल्या बायका व सिगारेटने आजारी पडलेले लोक यांची तुलना केली, तेव्हा असे दिसले, की चुलीच्या धुराने मुख्यतः बारीक नळ्या जाड होतात व खरवडल्यासारख्या होतात, तर सिगारेटने वायुकोशांचा नाश अधिक होतो. चुलीच्या रोग्याचा श्वास सिगारेटवाल्याइतका झपाट्याने घटत नाही, पण खोकला व कफ अधिक. नाव एक, रोग दोन, असे म्हटले तरी चालेल.

चुलीचा धूर वाईट, हे कळावयास मात्र वर्धेकरांना मेक्सिकोपर्यंत जावे लागले नव्हते. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मगनवाडीत, कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाणी, मधमाश्या, हातकागद असे नाना प्रयोग चालत. तेथेच 'मगनचूल' तयार झाली. मातीची, सर्व बाजूंनी बंद, एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापवणारी, आणि धूर धुराड्याने छपराबाहेर काढून देणारी. सरपण वाचावे आणि बाईचे डोळे वाचावेत, असा तिचा दुहेरी हेतू होता. फुप्फुसाच्या जुनाट रोगाचे शास्त्र त्या काळी तयार व्हावयाचे होते; दिल्लीचा अभ्यास निघावयास पुष्कळ वर्षे होती. तथापि उपाय बरोबर त्याच जागी बोट ठेवतो. देशातील निर्धूर चुलींच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होय. दुर्दैवाने खेड्यापाड्यांतून तिचा सार्वत्रिक प्रसार झाला नाही. १९८३ नंतर सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या, पण त्यांतील पुष्कळशा धुराडे फुटल्यावर, किंवा घरच्या भांड्यांचा त्यांच्याशी मेळ बसेना म्हणून, मोडीत निघाल्या. चूल बसविणाऱ्याने ती कोण सारवणार याचा विचार केला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. एकाच धुरात दोघी बसल्या असता एकीचाच श्वास का जातो?

पहिले उत्तर १९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथून आले. लॉरेल व एरिक्सन हे रक्तातील प्रथिने तपासीत असता सुमारे पंधराशे नमुन्यांपैकी पाचांत एक विशिष्ट पट्टा अजिबात दिसेना. त्या पाचांपैकी तिघांना तरुणपणीच वायुकोश नष्ट होण्याचा रोग जडलेला होता. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करण्यासाठी जे पाचक द्रव्य सोडतात, ते फुप्फुसाच्या भिंतीही खाऊ शकते. त्यास आवर घालणारे हे प्रथिन या लोकांत आनुवंशिक दोषामुळे नव्हते. धूर हा केवळ त्या पाचक द्रव्यांस आमंत्रण देतो, खरी लढाई शरीराच्या आतच होते, हे त्यावरून उमगले. भारतात हा विशिष्ट दोष विरळा आहे, म्हणून वर्धेच्या रोग्यांचा उलगडा त्याने होत नाही. शोधाची दिशा मात्र त्याने बदलली. २०२० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. छातीच्या सूक्ष्म चित्रांवरून असे दिसले, की काही निरोगी माणसांत फुप्फुसाच्या आकाराच्या मानाने श्वासनलिकांचे झाड जन्मतःच किंवा वाढीच्या वयात अरुंद राहिलेले असते, आणि उतारवयात अशांनाच, मग त्यांनी कधी सिगारेट ओढली असो वा नसो, धापेचा धोका अधिक असतो. मोठ्या घराला अरुंद दार, असा हा प्रकार.

परंतु ज्याने या सर्व विचाराला नवे वळण दिले, ते उत्तर इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या वह्यांत सापडले. तेथील सुईणी व आरोग्यसेविका १९११ पासून प्रत्येक नवजात बाळाचे वजन, तसेच वर्षाच्या वयाचे वजन व बाळपणीचे आजार, इमानाने टिपून ठेवीत. डेव्हिड बार्कर यांनी त्या बाळांचा म्हाताऱ्या माणसांपर्यंत माग काढला आणि १९९१ साली दाखवून दिले, की जन्मतः व पहिल्या वर्षी वजनाने हलक्या असलेल्यांत पुढे जुनाट धापेने मरणारे अधिक होते, आणि बाळपणी ज्यांना फुप्फुसदाह झाला त्यांचा श्वास साठीतही कमी भरत होता. सुईणीच्या एका वहीत साठ वर्षांनंतरच्या मृत्यूची नोंद जणू आधीच करून ठेवलेली होती! २०१५ साली डेन्मार्क व अमेरिका येथील दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून लांगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लेचरच्या चित्राची दुरुस्ती केली. जुनाट धाप जडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा श्वास झपाट्याने घसरलेला नव्हताच. तो तरुणपणीच कमी होता, आणि पुढे सर्वांसारखाच हळूहळू उतरत जाऊन रोगाच्या रेषेखाली गेला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. माणसाचा श्वास विशीच्या सुमारास कळसाला पोचतो व नंतर उतरू लागतो. कळस उंच असेल तर उतरणीवर पुष्कळ पाऊणशे वर्षे निघतात. कळसच ठेंगणा असेल तर साध्या उतरणीनेही पन्नाशीत तळ गाठला जातो. कळसाची उंची ठरते ती आईच्या पोटात आणि पहिल्या काही वर्षांत. गरोदरपणी आईला मिळालेले अन्न, तिने चुलीपुढे घेतलेला धूर, बाळाला एक-दोन वर्षांचे होईपर्यंत झालेले न्यूमोनिया, या सर्वांची त्यात भर असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० नंतर जी पाहणी चालविली, तीत नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. याज्ञिकांचा रोख मधुमेहाकडे होता, पण तो आकडा श्वासाच्या अभ्यासकांनीही डोळ्यांपुढे ठेवावा असा आहे. तेव्हा शेजारीण जी सत्तरीत भारा उचलते, ती कदाचित अधिक बळकट माहेरातून आली असेल, तिच्या आईला पोटभर मिळाले असेल. तिने धुरावर विजय मिळविला असे नाही. तिच्या गाठीला शिल्लक अधिक होती. शिवाय क्षयाचा हिशेब राहिलाच. क्षय बरा झाला, थुंकी स्वच्छ झाली, कार्ड बंद झाले, तरी ज्या नळ्या व्रणाने आखडल्या त्या आखडलेल्याच राहतात. या देशात क्षय एवढा मोठा असता, क्षयानंतरच्या धापेची स्वतंत्र गणना क्वचितच होते.

येथेच मोजमापाच्या एका दोषाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याने पुष्कळांचा रोग झाकून ठेवला आहे. माणसाचा श्वास कमी की पुरेसा, हे ठरवावयास त्याच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसांचा श्वास किती, याचे कोष्टक लागते. युरोपीय माणसांपेक्षा इतरांचा श्वास कमी भरतो असे दिसल्यावर तो वंशाचा गुण मानला गेला. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी एकोणिसाव्या शतकात याच यंत्राचा पुरावा पुढे केला होता. पुढे सभ्य रूपात तीच समजूत कोष्टकांत उतरली, आणि भारतीयास इतका कमी श्वास 'स्वाभाविक' असे छापले जाऊ लागले. अनेक देशांतील निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसांची तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली, तीत दक्षिण आशियाई लोकांचा पहिल्या सेकंदाचा श्वास उत्तर अमेरिका व युरोप यांतील लोकांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाला. यातला काही भाग धडाच्या लांबी-रुंदीचा असेल, तो नाकारण्याचे कारण नाही. पण उरलेला भाग कमी वजनाच्या जन्माचा, बाळपणीच्या आजारांचा आणि धुराचा असेल, तर त्यास 'स्वाभाविक' म्हणणे म्हणजे दुष्काळात खंगलेल्या गुरांचे वजन मोजून तेच जातीचे प्रमाण ठरविण्यासारखे झाले. अमेरिकेच्या श्वासरोग संघाने २०२३ साली वंशावर आधारलेली कोष्टके सोडून एकच सामाईक कोष्टक वापरण्याची शिफारस केली. हा बदल सर्वत्र रुळावयास वेळ लागेल, आणि त्यावर वादही आहे. परंतु कालपर्यंत ठीक ठरलेले कित्येक भारतीय नव्या कोष्टकात कमी भरतील एवढे निश्चित.

आता रुईच्या धुळीविषयी. इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० सालच्या ग्रंथात अंबाडी व जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन केले आहे. कापसाच्या गिरण्या निघाल्यावर लँकशायरमध्ये तोच प्रकार दिसला. त्याची खूण मोठी चमत्कारिक. आठवड्याची सुटी भोगून कामगार सोमवारी कामावर आला, की दुपारपर्यंत छाती आवळू लागते. मंगळवारी कमी, बुधवारी त्याहून कमी. सुटीने रोग वाढतो असा हा एकच रोग असेल! पुढे मात्र सोमवारचा त्रास आठवडाभर पसरतो आणि अखेर कायमचा होतो. यास बिसिनोसिस म्हणतात. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतर त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या, आणि मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणीकामगारांची पद्धतशीर तपासणी करून तो येथेही आहे हे सिद्ध केले. दोष कापसाच्या तंतूचा नसून, बोंडाभोवतीच्या वाळक्या पाल्यावर वाढणाऱ्या जंतूंच्या विषाचा मुख्यतः आहे, असे आता मानतात. शांघाय येथे १९८१ पासून कापूस-गिरणीतील व रेशीम-गिरणीतील कामगारांची शेजारी शेजारी पाहणी झाली. धूळ दोन्हीकडे, पण जंतूंचे विष कापसाकडे. श्वास अधिक घटला तो कापसाच्या कामगारांचा, आणि काम सुटल्यावर त्यातला काही भाग भरूनही आला.

जिनिंगची गोष्ट गिरणीहून थोडी निराळी पडते. विदर्भातील जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. ढिगावरचा कापूस यंत्रापर्यंत ओढण्याचे, कवडी व पालापाचोळा निवडण्याचे काम पुष्कळदा बाया करतात, आणि सर्वांत अधिक धूळ तेथेच. ज्याला अगदीच सोसत नाही, तो पुढल्या हंगामात येतच नाही, शेतमजुरीस जातो. म्हणून एखाद्या दिवशी जिनिंगमध्ये जाऊन हजर मजुरांची छाती तपासली, तर रोग फारसा आढळत नाही. जे आजारी पडले ते त्या अंगणात नसतात. हंगामी धंद्यातील रोग मोजावयाचा तर माणसाच्या मागे त्याच्या घरी जावे लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, जे १९६९ साली सुरू झाले, विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. अशा गावात घरोघर जाणाऱ्याला एकाच घरी जिनिंगमधून परतलेला मजूर, चुलीपुढची बाई आणि उंबऱ्यावर खोकणारे पोर अशी तिघे एकदम भेटू शकतात. रुग्णालयात ती तीन निरनिराळ्या कागदांवर असतात. २००० सालच्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर पुष्कळ जिनिंगमध्ये कापूस नळीतून ओढून नेणारी यंत्रे आली, त्याने धूळ कमी झाली. जुनी जिनिंग मात्र जुन्याच रीतीने चालतात.

धूर कमी केल्याने रोग खरोखर टळतो काय? येथे पुरावा एकमुखी नाही. चीनमधील युन्नान प्रांतातील शुआनवेइ परगण्यात पूर्वी धुराडे नसलेल्या आगटीत धुरकट कोळसा जाळीत. पुढे घरोघरी धुराडी बसली. वीस हजारांवर शेतकऱ्यांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. धुराडे बसविलेल्या घरांत जुनाट धापेचे प्रमाण पुरुषांत सुमारे चाळीस टक्क्यांनी व स्त्रियांत पंचवीस टक्क्यांनी कमी भरले. परंतु हा फरक निर्विवाद दिसावयास सुमारे दहा वर्षे लागली. याउलट तमिळनाडूसह चार देशांत गरोदर स्त्रियांना दीड वर्ष गॅसची शेगडी व सिलिंडर फुकट देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ व २०२४ साली निघाले. स्वयंपाकघरातील धूर पुष्कळच घटला, पण बाळांच्या जन्मवजनात किंवा न्यूमोनियात फरक दिसला नाही. काहींनी यावरून चुलीस निर्दोष ठरविण्याची घाई केली. ती घाईच होय. ज्या रोगाला घडावयास आईच्या बाळपणापासून साठ वर्षे लागतात, त्याचा न्याय दीड वर्षात कसा व्हावा? आणि शेजारच्या दहा घरी चूल पेटलेली असताना एका घरची हवा कितीशी स्वच्छ राहणार?

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने खेड्यातील घरी गॅस पोचविला, ही मोठी गोष्ट झाली. चहा, भाजी, पाहुण्यांचा स्वयंपाक यांस बायांनी तो आनंदाने स्वीकारला. पण सिलिंडर भरून आणावयाचा तर रोख पैसे लागतात, आणि पऱ्हाटी बांधावर फुकट रचलेली असते. म्हणून कित्येक घरी दोन्ही चालू राहतात. स्वयंपाकघरात गॅस, मागच्या अंगणात चूल. भाकरी चुलीवरचीच गोड लागते असे म्हाताऱ्यांचे म्हणणे, आणि घरातील सर्वांच्या अंघोळीचे पाणी तर चुलीवरच तापते. हिवाळ्यात पहाटे ही चूल पेटते, तेव्हा धूर वर न जाता थंड हवेत खालीच पसरतो, आणि शेकायला म्हणून घरातली लहान मुले तिच्याभोवती येऊन बसतात.